आतलं पाणी कुठलं?



आमचं गाव बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या वाटेवर. गेल्या वर्षी गणपती होऊन गेले आणि आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक गृहस्थ आले. गटातल्या एकीच्या भावाच्या ओळखीचे, उल्हासनगरला दुकान असलेले. त्यांनी पिशवीतून किल्ल्या अडकवायची एक साखळी काढली. तिला प्लॅस्टिकचा पोकळ बदाम होता. बदामात खाली निळं पाणी, वर काहीतरी बिनरंगाचं पातळ, आणि दोघांच्या मधोमध एवढंसं पिवळं बदक. बदाम वाकडा केला की निळी लाट उठायची आणि बदक तिच्यावर डोलायचं. लाट फुटायची नाही, घाई करायची नाही. अगदी सावकाश इकडून तिकडे.

चौदा बायकांच्या हातांतून तो बदाम फिरला. हप्त्यांचा हिशेब तसाच राहिला. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजींनी तर तो दोनदा मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरून बघत बसल्या. मला हसू आलं, पण माझी पाळी आली तेव्हा मीही लगेच पुढे दिला नाही.

काम असं होतं. रिकामे बदाम ते आणून देणार, बदक तेच देणार, दोन डबे पातळ देणार. आपण सुईच्या पिचकारीने आधी निळं भरायचं, मग वरचं भरायचं, बूच लावायचं, गोंदाचा थेंब टाकायचा, पुसून पिशवीत. शेकड्यावर मजुरी. घरबसल्या, जेवणं आटोपल्यावर करता येईल असं. पावसाळा संपला की भातकापणीपर्यंत आमच्याकडे हाताला काम नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. सगळ्यांचे डोळे चमकले.

तेवढ्यात एकीने बूच उघडून वास घेतला आणि म्हणाली, “दादा, हे वरचं काय आहे?”

ते म्हणाले, “ऑइल आहे ताई. सगळे हेच भरतात.”

“कसलं ऑइल?”

तेव्हा ते जरा गप्प झाले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते दुसऱ्याकडून घेत होते, तो तिसऱ्याकडून. डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. वास रॉकेलच्या जवळचा होता, पण रॉकेलसारखा उग्र नाही.

“पुढच्या आठवड्यात सांगतो,” असं म्हणून आम्ही त्यांना चहा दिला. त्या एका आठवड्यात मी या कोंडलेल्या पाण्याच्या मागे लागले. तेच आज सांगणार आहे.

मला पहिली आठवण आली ती माझ्या आजीच्या देवघराची. तिथे तांब्याचा एक गडू होता, मुठीत मावेल एवढा. तोंडाला झाकण आणि झाकणाला डाख दिलेला, म्हणजे कायमचं बंद. तिचे सासरे काशीला जाऊन आले तेव्हाची ती गंगा. काशीहून परत आल्यावर मावंदं घालायचं, गंगापूजन करायचं, गावजेवण द्यायचं, आणि एखादा गडू न उघडता ठेवून द्यायचा, हे अनेक मराठी घरांत होतं. कुणाचा शेवट जवळ आला की तो गडू फोडायचा आणि तुळशीच्या पानावरून दोन थेंब ओठांवर सोडायचे. आम्ही पोरं गुपचूप देवघरात शिरून तो गडू कानाशी धरून हलवायचो. आत पाणी डुचमळायचं. दिसत नसलेल्या पाण्याचा आवाज ऐकायला काय मजा यायची! आजीने पकडलं की पाठीत धपाटा, पण धपाटा देऊन झाला की तीच सांगायची, हे काशीचं, दशाश्वमेध घाटावरचं, अमक्या साली आणलेलं.

म्हणजे आत काय आहे हे दिसत नव्हतं, तरी घरातल्या सात वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक होतं. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा.

पाण्याला भांड्यात घालून त्याच्याकडून काहीतरी करून घ्यायचं आणि बघत बसायचं, ही आपल्याकडची फार जुनी हौस आहे. अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही पाहिलं असेल. शिलाहार राजांच्या वेळचं, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं, वालधुनी नदीच्या काठावरचं. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. शंकराच्या पिंडीवर आपण गळती लावतो. बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं, आणि त्यातून एक एक थेंब. लहानपणी मला देव कमी आणि तो थेंब जास्त आठवायचा. तो फुगतो, लोंबतो, आता पडेल, आता पडेल म्हणेपर्यंत पडत नाही, आणि आपण डोळे मिचकावले की नेमका पडतो.

जुन्या लग्नांत घटिकापात्र असायचं. गंगाळात पाणी, त्यावर तरंगणारी तांब्याची पातळ वाटी, वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. चोवीस मिनिटांत वाटी भरून बुडाली की एक घटिका झाली. दिवसरात्र मिळून अशा साठ घटिका. मुहूर्ताची वेळ त्या वाटीवर ठरायची. भटजी तिकडे डोळा ठेवून असायचे, आणि भोवती सगळी पोरं कोंडाळं करून.

आणि वसुदेवाचा पेला. हा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जुन्या भांड्यांच्या दुकानात विचारून बघा. पितळेचा पेला, त्यात मधोमध उभा वसुदेव, त्याच्या डोक्यावर टोपलीत बाळकृष्ण. पेल्यात पाणी ओतत जायचं. पाणी वसुदेवाच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला लागतं, म्हणजे यमुना चढते आहे. कृष्णाच्या पायाला पाणी लागलं रे लागलं की पेल्यातलं सगळं पाणी बुडातून आपोआप वाहून जातं. अर्धं नाही, सगळं. यमुनेने कृष्णाचे पाय शिवले आणि ती ओसरली, ही गोष्ट एका पेल्यात. यात जादू नाही. वसुदेवाच्या पोटात एक वाकडी नळी दडवलेली असते. पाणी नळीच्या बाकाच्या वर गेलं की एकदा वाहू लागलेलं पाणी मागच्या पाण्याला ओढत नेतं. शेतातल्या टाकीतून नळीने पाणी काढताना आपण एकदा तोंडाने ओढतो आणि मग ते आपोआप येत राहतं ना, तेच. ज्या कासाराने पहिल्यांदा हा पेला घडवला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. त्याने गोष्ट आणि विज्ञान एकाच भांड्यात बसवलं, आणि आत फक्त घरच्या माठातलं पाणी घातलं.

आपल्या लहानपणी जत्रेत मिळायचा तो निळा पाण्याचा गेम आठवतो? बटण दाबलं की आतल्या कड्या उडायच्या आणि खिळ्यांत अडकवायच्या. तो खेळ जपानच्या टोमी कंपनीने १९७६ च्या सुमारास बाजारात आणला आणि नकला होत होत महाशिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेपर्यंत पोचला. मागे छोटं रबरी बूच असायचं. पाणी आटलं की आम्ही हापशावर जाऊन भरायचो. तिथेही आत काय आहे हे आम्हाला माहीत होतं, कारण भरणाऱ्या आम्हीच.

मी स्वतःला विचारलं, आपलं बाईमाणसाचं आयुष्य पाणी भरण्यात जातं. विहिरीवरून, हापशावरून, टँकरमागून. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. बदलापूरच्या नदीकाठच्या बायकांनी तर २००५ च्या २६ जुलैला आणि पुन्हा २०१९ ला उल्हास नदी घरात शिरलेली पाहिली आहे. पाणी म्हणजे आपल्याला एक तर कमी किंवा जास्त. मग एवढ्याशा बदामातलं पाणी बघत का बसतो आपण? मला वाटतं, त्याच कारणाने. ते पाणी कुठून आणायचं नसतं, सांडत नाही, संपत नाही. ते फक्त बघायचं असतं. आमच्या त्या आजी म्हणाल्या होत्या, “ह्या पान्याला कुनी काम नाय लावलंय.”

पण यातली एक वस्तू मात्र चक्क कामातून जन्माला आली, आणि तिची गोष्ट मला सगळ्यात आवडली. काचेचा गोळा, आत छोटं घर किंवा देऊळ, आणि हलवला की बर्फ पडतो, तो गोळा.

वीज नव्हती तेव्हा युरोपातले चांभार आणि लेस विणणाऱ्या बायका एक युक्ती करत. मेणबत्तीसमोर पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू ठेवायचा. पाण्यातून उजेड एका जागी गोळा होऊन नेमका हातातल्या कामावर पडतो. एक मेणबत्ती मधे, भोवती असे चंबू, आणि प्रत्येक चंबूमागे एक बाई मान खाली घालून जाळी विणते आहे. मेणबत्ती महाग, म्हणून एका ज्योतीवर कितीतरी बायकांचं पोट. चिमणीच्या उजेडात विड्या वळलेल्या बायकांना हे चित्र लांबचं वाटणार नाही.

तर ऑस्ट्रिया देशात, व्हिएन्ना शहरात, एरविन पेर्झी नावाचा एक कारागीर होता. तो डॉक्टरांची शस्त्रक्रियेची हत्यारं घडवायचा. १९०० च्या सुमाराची गोष्ट. विजेचे दिवे नवे होते आणि फार मिणमिणते. ऑपरेशनच्या खोलीत उजेड वाढवायचा म्हणून त्याने चांभाराचा तो पाण्याचा गोळा घेतला. आणखी झगझगीत व्हावं म्हणून पाण्यात चमकणारं काही टाकून पाहिलं, पण ते भराभर तळाशी बसायचं. मग त्याने काय टाकलं असेल? रवा. आपला शिऱ्याचा रवा. रवा भिजला आणि हळूहळू, तरंगत तरंगत खाली आला. दिवा काही सुधारला नाही, पण त्याला वाटलं, हा तर बर्फ पडतोय! पुढे त्याने आत एका प्रसिद्ध चर्चची छोटी प्रतिकृती बसवली आणि गोळा विकायला काढला. पाणी भरलेले आणि आत बर्फ पडणारे काचेचे पेपरवेट त्याच्याही आधी, १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले होते. पण पेर्झीच्या घराण्याचा कारखाना व्हिएन्नात आजही चालू आहे, नातवापर्यंत आलाय. बर्फ कशाचा करतात हे ते सांगत नाहीत. रवा मात्र आता नाही.

मग पाणी आणि रवा एवढ्यावर भागत असताना दुसरं काही भरायची गरज का पडली? त्याची कारणं साधी आहेत. नुसतं पाणी बंद करून ठेवलं तर शेवाळतं, गढूळ होतं. थंड देशात गोठून काच फोडतं. आणि चमकी पाण्यात फार लवकर खाली बसते. म्हणून पाण्यात ग्लिसरीन घालू लागले, ते दाट असतं, चमकी रेंगाळते. गवंड्याच्या पाणसळीत बुडबुडा असतो ना, नाव पाणसळ असलं तरी आत बहुधा स्पिरिट असतं, कारण ते गोठत नाही आणि बुडबुडा चटकन सरकतो. आणि ज्यांना दोन रंगांच्या दोन पातळ्या हव्या होत्या, ते पाण्यावर तेल घालू लागले. रश्श्यावर तर्री तरंगते तसं. पण खायचं तेल पिवळं दिसतं, काही महिन्यांत खवट होतं. खनिज तेल काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि स्वस्त. डिझेल-रॉकेलच्याच कुळातलं. आमच्या बदामात वरती होतं ते याच कुळातलं असणार.

एक पाणी पिणारा काचेचा पक्षी पूर्वी डॉक्टरांच्या टेबलावर वगैरे दिसायचा. पेल्यात चोच बुडवतो, सरळ होतो, डोलतो, पुन्हा बुडवतो, दिवसभर. न किल्ली, न सेल. १९४६ साली अमेरिकेत माइल्स सलिव्हन नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती आपल्या माठाची आहे. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी सुकतं आणि सुकताना माठाला गार करतं. पक्ष्याचं डोकं कापडाचं आणि ओलं. ते सुकताना गार होतं, तशी डोक्यातली वाफ आकसते आणि पोटातलं पातळ मानेतून वर चढतं. डोकं जड झालं की पक्षी वाकतो, चोच पुन्हा ओली. सुंदर कल्पना! पण पोटातलं ते रंगीत पातळ म्हणजे मिथिलीन क्लोराइड, जे रंगारी जुना रंग उतरवायला वापरतात. काच फुटली तर त्याची वाफ श्वासात जाता कामा नये.

अमेरिकेत १९९८ मध्ये तिथल्या सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मुलांच्या वस्तू बनवणाऱ्यांसाठी एक सूचना काढली. पातळ भरलेल्या वस्तूंची त्यात यादीच आहे: गडगडणारे चेंडू, बुडबुड्यांची घड्याळं, गळ्यातल्या माळा, पेन, पेपरवेट, किल्लीच्या साखळ्या. आणि आत काय काय सापडतं त्याचीही: खनिज तेलं, मिथेनॉल, मिथिलीन क्लोराइड, टोल्यूइन, ग्लायकॉल, पारा. २०१७ मध्ये तिथेच मोबाईलची चमकीवाली कव्हरं परत मागवली. एकट्या अमेरिकेत सुमारे २ लाख ६३ हजार विकली गेली होती. कव्हराला तडा गेला, आतलं पातळ अंगाला लागलं आणि कातडी भाजल्यासारखी झाली, अशा चोवीस तक्रारी आल्या होत्या. आपल्या बाजारातल्या कव्हरांत काय असतं हे कुणी विचारलंय का? मी तरी विचारलं नव्हतं. माझ्या मुलीच्या खिशात तसंच एक कव्हर वर्षभर होतं.

ग्लिसरीन म्हटलं की आपण निर्धास्त होतो, थंडीत ओठांना लावतो. पण त्याचीही एक गोष्ट आहे आणि ती लांबच्या देशातली नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईत जे. जे. रुग्णालयात डोक्यातला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन पाजत. त्या साठ्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं निघालं. चौदा माणसं गेली, किडन्या निकामी होऊन. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. कारखान्याच्या कामाचं ग्लिसरीन माणसांच्या पोटात गेलं होतं. दोन्ही दिसायला सारखीच, दाट आणि स्वच्छ. आणि हे ग्लायकॉल चवीला गोड असतं. कडू असतं तर थुंकून तरी टाकलं असतं.

एवढं कळल्यावर मी उल्हासनगरला गेले. त्या गृहस्थांच्या दुकानात नाही, तिथल्या बाजारात, सहज चौकशी करायला.

उल्हासनगर तुम्ही नुसतं कापडासाठी आणि फर्निचरसाठी ओळखत असाल. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याण कॅम्प नावाची लष्कराची छावणी होती. फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या लोकांना त्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी गावाचं नाव उल्हासनगर ठेवलं, नदीवरून. आजही माणसं पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पाच असंच सांगतात. हाती जमीन नाही, शेत नाही, म्हणून मिळेल ते घरात बनवायचं आणि रेल्वेने मुंबईला नेऊन विकायचं. बायकांनी पापड लाटले. त्यातून हे कारखान्यांचं गाव उभं राहिलं. नकली मालाबद्दल लोक उल्हासनगरला हसतात, पण निर्वासित बायकांच्या पापडांवर ते गाव तरलं हे कुणी सांगत नाही.

एका भेटवस्तूंच्या दुकानात काउंटरवर सिंधी काकू बसल्या होत्या, सत्तरीच्या. फळीवर पाणी भरलेले गोळे रांगेने. गणपती, ताजमहाल, लाल बदाम, आणि एकात झुलेलाल, माशावर बसलेले, भोवती सोनेरी चमकी. झुलेलाल म्हणजे सिंधी माणसांची पाण्याची देवता, सिंधू नदीतून प्रकट झालेली. त्यांच्या पूजेत दिवा लावलेलं बहिराणा नावाचं ताट वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडतात. काकूंनी तो गोळा हलवून माझ्या हातात दिला. त्यांची आई सिंधू सोडून आली तेव्हा काकू पोटात होत्या. “हमने तो दरिया देखाच नहीं,” त्या म्हणाल्या. माझा हात तो गोळा धरून तसाच राहिला. आत काय भरलंय हे विचारायला मी आले होते, ते विचारायला जीभ रेटेना. शेवटी विचारलंच. त्या म्हणाल्या, “पाणीच असेल ना. बाहेरून तयार येतो.” खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं.

येताना रिक्षा वालधुनीच्या पुलावरून आली. तीच वालधुनी, जी वर अंबरनाथला त्या हजार वर्षं जुन्या देवळाजवळून येते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरमध्ये या नदीत कुणीतरी रासायनिक सांडपाणी ओतलं आणि काठच्या वस्तीत शेकडो लोकांना मळमळ, उलट्या, श्वासाचा त्रास झाला. आसपास राहणाऱ्यांना वास आला, घसा जळला, तेव्हा कळलं. आत काय होतं ते नंतर कळलं. मी नाकाला पदर लावला आणि मला आमच्या गटाचे ते दोन डबे आठवले. रात्री जेवणं झाल्यावर, दार लावून, पोरं शेजारी झोपलेली, आणि आपण पिचकारीने भरतोय.

कायदा काय म्हणतो तेही विचारून आले. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. हा नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा. शोपीस, किल्लीची साखळी, मोबाईलचं कव्हर म्हणून विकलेल्या वस्तूवर तो शिक्का असेलच असं नाही. पण रांगत्या पोराला शोपीस आणि खेळणं यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही तोंडातच घालतं.

आणि तोंडात गेलंच तर काय करायचं, हे नीट ऐका. रॉकेलसारखं काही पोटात गेलं तर उलटी काढायची नाही. मिठाचं पाणी नाही, बोट घालणं नाही. पोटात ते जेवढं अपाय करतं त्याहून जास्त फुप्फुसात गेल्यावर करतं, आणि उलटी होताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. मूल खोकत असेल, धाप लागली असेल तर एक क्षण थांबू नका. १०८ ला फोन करा, आणि ती फुटकी वस्तू, तो डबा, जे असेल ते डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. कातडीला लागलं तर ओले कपडे काढून साबण-पाण्याने धुवा.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. सगळ्या गप्प झाल्या असं समजू नका. चांगलं भांडण झालं. एक म्हणाली, “तू वाचून आलीस, पण माझ्या पोराची फी कोण भरणार?” तिचं खोटं नव्हतं. शेवटी आम्ही त्या गृहस्थांना निरोप धाडला, डब्यावर आत काय आहे ते लिहून, त्याचं बिल दाखवून द्या, मग काम घेतो. त्यांनी बिल दिलं नाही. रागावलेही नाहीत, शेजारच्या गावात काम दिलं. आमच्यातल्या दोघींनी तिथून माल आणून भरला. एकीच्या बोटांची कातडी सोलवटली, दुसरीला काही झालं नाही आणि तिने दिवाळीत पोरांना कपडे घेतले. जसं घडलं तसं सांगते आहे.

बदकाचा नाद मात्र सुटला नव्हता. अंगणवाडीच्या ताईंनी बाटल्या मागितल्या, रडणाऱ्या पोरांना हातात द्यायला. विकायच्या नव्हत्या. आम्ही जाड प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटल्या घेतल्या. उकळून गार केलेलं पाणी, औषधाच्या दुकानातून आणलेली सीलबंद ग्लिसरीनची बाटली, हळदीकुंकवाला उरलेल्या टिकल्या, बांगड्यांचे बारीक मणी. एकीत नुसतं पाणी आणि गोडेतेल, पाण्यात खायचा रंग. ते तेल खवट होईल तेव्हा बाटली रिकामी करायची. आजींनी हट्टाने एका बाटलीत रवा घातला. दोन दिवसांत पाणी आंबलं, फेकावं लागलं, पण ते दोन दिवस बर्फ पडला.

प्रत्येक बाटलीवर माझ्या मुलीने कागद चिकटवला आणि आत काय काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहिलं. पोरांना वाचता येत नाही अजून. त्यांच्या आया वाचतात.